गंगापूर धरणाकडचं आकाशदर्शन: दुर्बीण कडक, लेक्चरचे मार्क कापले (३.५/५)

जागेचं नाव मुद्दाम टाकत नाही, मालक चांगला माणूस आहे. धरणाच्या अलीकडे शेतातलं ॲग्रो टुरिझम, ८ इंची दुर्बीण, शेकोटी, पिठलं-भाकरी-ठेचा, माणशी ७०० रुपये. नाशिकचा उजेड पूर्वेला असल्यामुळे मृग नक्षत्र उगवताना धुरकटच दिसतं, पण दहापर्यंत दम धरा, वर आलं की त्यातला तेजोमेघ असला भारी दिसतो ना, राखाडी-हिरवट, पसरट, मधोमध चार बारीक तारे, पोरं रांग सोडायला तयार नव्हती. इथवर ५ पैकी ५.

जेवणानंतर पडद्यावर लेक्चर, विषय 'विश्व कोणी सेट केलं?', म्हणजे विश्वातले आकडे इतके नेमके जुळलेत की ते कोणीतरी लावलेलेच असणार, असा दावा. लेक्चर देणारे दादा बोलतात मस्त. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलची गोष्ट तर रंगवून सांगितली: ताऱ्याच्या पोटात हेलियमचे तीन अणुकेंद्र जुळून कार्बन व्हायचा तर कार्बनच्या केंद्रकात ७.६५ एमईव्हीच्या (अणुकेंद्रातली ऊर्जा मोजायचं एकक) आसपास एक ऊर्जापातळी असलीच पाहिजे, असं हॉइलने १९५३ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या लोकांना सांगितलं, त्यांनी शोधली आणि सापडली की! अंगावर काटा येतो खरंच. (हॉइल म्हणजे आपल्या नारळीकरांचे गुरू, हे नाशिकच्या पब्लिकला सांगायचं राहूनच गेलं.) पण ती पातळी केसभर हलली असती तर आपण नसतो, हे दादांचं म्हणणं जरा जास्तच झालं. १९८९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी गणित करून बघितलं, ०.०६ एमईव्हीने वर सरकवली तरी कार्बन बनण्यात फार फरक पडत नाही. थोडी ढील आहे तिथे.

खरी गडबड १२० शून्यांच्या स्लाइडवर. रिकाम्या जागेतली ऊर्जा थिअरीच्या ढोबळ हिशोबाने जेवढी यायला हवी त्याच्या साधारण एकावर १२० शून्य इतक्या पटीने ती कमी दिसते, हे बरोबर. ती बरीच जास्त असती तर दीर्घिका बनल्याच नसत्या, हेही भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्गने १९८७ मध्येच मांडलं होतं. पण दादांनी त्या १२० शून्यांची थेट 'आपोआप होण्याची शक्यता' करून टाकली आणि पुढच्या स्लाइडवर निर्माता हजर! अहो, हिशोब आणि निरीक्षण जुळत नाही म्हणजे आपला हिशोबच कुठेतरी कच्चा असेल ना आधी. आणि शक्यता काढायची तर हा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकला असता ते माहीत पाहिजे, फाशाला बाजू किती तेच ठाऊक नाही आणि सहा पडणं किती अवघड ते सांगताय.

हे विचारलं तर म्हणाले, मग काय प्रत्येकात वेगळे आकडे असलेली अनेक विश्वं मानायची का? नका मानू, तपासायची सोय आज तरी नाही, पण तुमच्या निर्मात्याचंही तेच आहे की. शेकोटीपाशी बसलेले एक काका म्हणाले, "आम्ही उद्या पहाटे त्र्यंबकला चाललोय, पण आकडे बघून नाही हो." सगळे हसले, दादा पण.

जायचं तर अमावस्येच्या जवळचा शनिवार धरा, स्वेटरबरोबर मोजे न्या, डिसेंबरात धरणाकडे पाय गारठतात. बुकिंग करतानाच लेक्चर कमी आणि दुर्बीण जास्त असं सांगून ठेवा, ऐकतात ते. आणि दादा, वाचत असाल तर ती १९८९ वाली स्लाइड टाका, सोबत नारळीकरांचा एक फोटो पण.