लेथवर लाकडी पेन कातायला सागवान की संत्र्याचं लाकूड?

नागपुरात सागवानाचे तुकडे कुठल्याही सुताराकडे पडलेले असतात. वाळलेलं लाकूड, त्यामुळे पेनच्या आत बसणाऱ्या ७ मिमीच्या पितळी नळीसाठी भोक पाडताना सहसा दगा देत नाही. पण त्यात सिलिका, म्हणजे वाळूतलाच कठीण पदार्थ, असते, पटाशीची धार बघता बघता जाते. तेलकटही, नळी चिकटवण्याआधी मी अ‍ॅसिटोनने पुसून घेतो.

काटोलकडच्या बागेत तोडलेल्या झाडाचं संत्र्याचं लाकूड मात्र पिवळसर, घट्ट, बारीक रेषांचं. धारदार पटाशी लावली की लेथवरून सालीसारख्या लांब ढलप्या निघतात. खोट एकच, वाळताना तडकतं. टोकांना मेण लावून सावलीत ठेवलं, तरी आपल्या मे महिन्यात माझ्या पाचातले दोन तुकडे गेलेच. तरी मी संत्र्याचंच घेतो. सागवान हात बसेपर्यंत ठीक.