साआम की सुजीचिम?

साआम आणि सुजीचिम या सुया टोचून उपचार करण्याच्या दोन कोरियन पद्धती. कोरियन वैद्यकात ‘गी’ म्हणजे प्राणशक्ती. ती बारा वाहिन्यांतून फिरते: छातीतून हाताकडे, हातातून चेहऱ्याकडे, तिथून पायाकडे आणि पायातून परत छातीत. पहाटे ३ ते ५ फुफ्फुसाची वाहिनी, मग दर दोन तासांनी पुढची. रात्री १ ते ३ यकृत, की फेरी पूर्ण.

१७व्या शतकातल्या एका बौद्ध भिक्षूच्या नावे चालत आलेली साआम पद्धत या प्रवाहालाच हात घालते. फुफ्फुस दुर्बल, तर सुई छातीत नाही. इथे प्रत्येक अवयवाला आणि वाहिनीवरच्या ठरावीक बिंदूंना एकेक तत्त्व दिलेलं असतं: फुफ्फुस धातू, प्लीहा पृथ्वी, हृदय अग्नी. पृथ्वी ही धातूची आई, म्हणून प्लीहा आणि फुफ्फुस या दोन्ही वाहिन्यांवरचे पृथ्वीबिंदू चेतवायचे. अग्नी धातूला वितळवतो, म्हणून हृदय आणि फुफ्फुस यांच्यावरचे अग्निबिंदू शांत करायचे. चार सुया, त्याही कोपर-गुडघ्यांच्या खालीच. निदान चुकलं तर मात्र सगळंच उलटं.

सुजीचिम अगदी अलीकडची, १९७१ची, यू ते-वू यांची. यात अख्खं शरीर हाताच्या पंजावर उतरतं: मधलं बोट डोकं, हाताची मागची बाजू पाठ. आखूड सुया, चिकटवायच्या गोळ्या. घरच्या घरी जमते. आपल्याकडे माहीत असलेलं सुजोक हिच्या जवळचं, पण पार्क जे-वू यांचं.

वाहिन्या शरीररचनेत कुणाला सापडलेल्या नाहीत, हे दोन्हींना लागू. तरी विचार म्हणून मला साआम जास्त भावते; सुजीचिमच्या नकाशात सोय जास्त, प्रवाह कमी. सुई टोचून घ्यायची तर प्रशिक्षित माणसाकडूनच, आणि छातीत दुखत असेल तर सरळ दवाखाना गाठा.