जठराच्या शस्त्रक्रियेनंतर: तांदळाची पेज की भाकरी-पिठले?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या अनेक घरांत जठराचा भाग काढलेल्या रुग्णाला मायेने पेजच दिली जाते. पहिल्या काही आठवड्यांत, टाके भरून येत असताना, पातळ आहार आवश्यकच असतो आणि तो कधी बदलायचा हे शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांनीच ठरवावे.

पुढे मात्र चित्र बदलते. जठराची साठवण कमी झाल्यामुळे पातळ, पिष्टमय पेज झपाट्याने लहान आतड्यात उतरते. त्यामुळे खाल्ल्यावर १० ते ३० मिनिटांत पोटात कळा, धडधड व जुलाब होऊ शकतात आणि १ ते ३ तासांनी रक्तातील साखर घसरून घाम व थरथर सुटू शकते. पेजेत गूळ घातला की हा त्रास वाढतो, म्हणून पाहुण्यांनी प्रेमाने आणलेल्या कुंद्यासारख्या गोड मिठाईचाही आग्रह रुग्णाला करू नये.

ज्वारीची मऊ भाकरी आणि घट्ट पिठले तुलनेने सावकाश उतरतात, शिवाय बेसनातून प्रथिने मिळतात, म्हणून घन आहाराची परवानगी मिळालेल्या रुग्णासाठी मला हाच पर्याय अधिक योग्य वाटतो. मात्र पिठले तिखट किंवा तेलकट नसावे, भाकरी एका वेळी चतकोरच आणि अगदी बारीक चावून खावी, असे थोडेथोडे जेवण दिवसातून ५-६ वेळा घ्यावे आणि पाणी किंवा ताक जेवणानंतर अर्ध्या तासाने प्यावे. बेसनाने पोट फुगत असेल, तर मऊ शिजवलेली मुगाची डाळ किंवा उकडलेले अंडे चालते.

संपूर्ण जठर काढले असल्यास ब-१२ जीवनसत्त्वाची गरज यांपैकी कोणत्याही आहाराने भागत नाही. त्याची इंजेक्शने डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावीत.