बदकावर संत्रं की अंजीर?

कातडीला टोचे मारून चरबी गाळणं, ग्लेझ (भाजताना वरून लावायचा गोडसर, चकचकीत लेप) शेवटी लावणं, हे बदक आणणाऱ्याला सांगायला नको. अडतं ते ग्लेझ कशाचा करायचा यावर. पुण्यात बसून मी दोन्ही करून पाहिलेत.

संत्र्याचं नाव मोठं, पण फ्रेंच पद्धतीत मूळचं संत्रं कडू-आंबट जातीचं. आपलं नागपुरी गोड, त्यामुळे व्हिनेगर घालावंच लागतं. तेही चाललं असतं. माझं घोडं अडलं ते रस आटवताना. ताजा रस चाखला, मधासारखा. तोच मंद आचेवर पाव राहीपर्यंत आटवला, चमचा चाटला आणि जिभेच्या मुळाशी कारलं! नागपुरी संत्र्याच्या रसात लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होतं. ताजेपणी कळत नाही, रस ठेवला किंवा तापवला की कडवटपणा वर येतो. बिया चिरडल्या तर विचारूच नका. पुढच्या खेपेला एकेक फोड सोलून, बिया काढून रस काढला. पाऊण तास त्यातच गेला. कडूपणा कमी झाला, गेला नाही. मेहुण्याने पहिला घास घेऊन विचारलं, "दाजी, काढा घातलाय का?" म्हणून गूळ वाढवला, तर कातडी करपली.

अंजीर पुरंदरचं. त्यातही डिसेंबर-जानेवारीतलं खट्ट्या बहाराचं मला बरं वाटतं, मीठ्या बहारापेक्षा गोडी बेताची. दोन किलोच्या बदकाला ७-८ पिकलेली अंजिरं कुस्करतो. त्यात चार आमसुलं, आलं, मिरपूड आणि अर्धी वाटी पाणी. दहा मिनिटांत मिश्रण आपसूक दाटतं, आटवत बसायला नको. बिया दाताखाली कुरकुरतात. काहींना नाही आवडत, त्यांनी गाळून घ्यावं.

दिसायला मात्र मातकट, आणि वासात संत्र्यापुढे काहीच नाही. पाहुण्यांसमोर ताट मिरवायचं असेल तर संत्र्याच्या बाजूने बोलता येईल. तसं असेल तर रसाच्या भानगडीत न पडता सालीचा फक्त केशरी भाग किसून घ्या. साल सैल असते, तेव्हा फळ घट्ट धरा.

अंजीरही बेभरवशाचं नाही असं नाही. ओटीजी १८० अंशांवर ठेवून शेवटच्या दहा मिनिटांत ग्लेझचे दोन हात लावायचे, आणि तेवढा वेळ काचेसमोरून हलायचं नाही. मोसम संपला की मी सुकी अंजिरं रात्रभर भिजवतो. चव जरा जड होते, पण तेवढ्यासाठी पुन्हा संत्री सोलायला बसलेलो नाही.