वरुडच्या उन्हाळ्यात चार महिने: कमाल-किमान आणि ओला-कोरडा थर्मामीटर

मार्चच्या सुरुवातीला दोन थर्मामीटर मागवले. एक कमाल-किमान, इंग्रजी यू आकाराच्या नळीचा. दुसरा ओला-कोरडा, एकाच पाटीवर दोन नळ्यांचा. दोन्ही मिळून दोन हजारांच्या आत आले. आमची संत्र्याची बाग आहे, आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा) धरलेला होता, आणि तापमान म्हणून हाताशी असायचं ते पेपरातलं अमरावतीचं किंवा नागपूरचं. दोन्ही शहरं आमच्यापासून लांब. मोबाइलवर गावाच्या नावाने जो आकडा दिसतो तो बहुतेक वेळा कुणी मोजलेला नसतो, संगणकाने आजूबाजूच्या माहितीवरून काढलेला असतो. मला माझ्या बांधावरचा आकडा हवा होता.

पहिला कमाल-किमान कुरियरमध्ये आपटून आला. पाऱ्याच्या धाग्यात मधेच फट पडली होती. विक्रेत्याने बदलून दिला, पण त्यात वीस दिवस गेले. तुमच्याकडे आला की भिंतीला लावायच्या आधी नळी उजेडात धरून पारा सलग आहे का ते बघा.

दुसरी चूक माझी. तो मी गोठ्याच्या टिनाखाली, खांबाला लावला. एप्रिलच्या पहिल्याच दुपारी ४८ दाखवलं. सावलीत होता, तरी टिनाची धग आणि समोरच्या फरशीची झळ त्याला लागत होती. मग सुताराकडून झडपांची लाकडी पेटी करून घेतली. जुन्या खिडकीच्या झडपा होत्या, त्याच वापरल्या. बाहेरून पांढरा ऑइलपेंट, दार उत्तरेकडे, जमिनीपासून चार फुटांवर, खाली फरशी नाही तर माती. हवामान खात्याच्या वेधशाळेत अशाच पेटीत थर्मामीटर ठेवतात, तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. तशाच उन्हात, दुपारच्या त्याच वेळेला पेटीतला आकडा टिनाखालच्यापेक्षा चार अंशांनी कमी आला. यंत्र तेच, जागा बदलली. २०२४ च्या मे महिन्यात दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ दाखवलं आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सांगितलं की तिथला सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता. त्याच दिवसांत नागपुरातल्या एका केंद्राने ५६ दाखवलं, तेही सेन्सरच्या बिघाडामुळे. खात्याच्या यंत्राचं असं होतं, तर आपण आपला आकडा चार ठिकाणी सांगण्याआधी तपासलाच पाहिजे.

वाचन सोपं आहे, पण एक गोष्ट नीट समजून घ्या. पाऱ्याच्या दोन्ही टोकांवर लोखंडाचे बारीक दांडके असतात. पारा त्यांना वर ढकलतो आणि मागे सरकतो, दांडके तिथेच अडकून राहतात. वाचायचं ते दांडक्याचं खालचं टोक, जे पाऱ्याला टेकलेलं होतं. मी दहा दिवस वरचं टोक वाचत होतो. किमानची पट्टी उलटी असते, आकडे वरून खाली वाढतात, म्हणून माझं कमाल जास्त आणि किमान कमी नोंदलं गेलं. ते दहा दिवस वहीतून खोडले. वाचून झालं की बटण दाबून दांडके परत पाऱ्यावर आणायचे. मी सकाळी साडेआठला वाचतो, खात्याचीही सकाळची नोंद त्याच वेळची असते. त्या वेळी दिसणारं कमाल आदल्या दिवसाचं, ते आदल्या तारखेसमोर लिहायचं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. चार महिने प्रत्येकाने मला एकच विचारलं, "आज किती गेलं?" म्हणजे कमाल. मला सगळ्यात उपयोगी पडला तो ओल्या फुग्याचा आकडा, म्हणजे ओल्या-कोरड्यातल्या ज्या नळीचा खालचा गोळा ओला ठेवतात तिचा.

त्या फुग्यावर मलमलची वात असते आणि वातीचं टोक पाण्यात. पाणी उडतं तसा फुगा गार होतो. हवा जितकी कोरडी, तितका ओल्या-कोरड्यातला फरक मोठा. वात बसवण्याआधी दोन्ही नळ्या दिवसभर कोरड्याच ठेवून बघा. माझ्या दोघांत अर्धा अंश फरक निघाला, तो मी रोज वजा करतो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी कोरडा ४२, ओला २२. सोबतच्या तक्त्यावर आर्द्रता सोळा टक्क्यांच्या आसपास. त्या दिवशी कुलरच्या जाळीसमोर २७ अंशांची हवा येत होती. जूनच्या सुरुवातीला कोरडा ३९ वर उतरला, ओला मात्र २७ वर चढला, म्हणजे हवा दमट झाली, आणि कुलरसमोर बसूनही अंग चिकचिकत होतं. तीन अंश कमी, तरी उकाडा जास्त.

बागेत पाच झाडांखाली रोज गळलेली फळं मोजून वेचली. कमाल ४४ च्या वर गेलेल्या प्रत्येक दिवशी गळ वाढली असं झालं नाही. ओल्या-कोरड्यातला फरक वीसच्या वर गेला आणि वारा सुटला, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाली जास्त फळं दिसली. पाच झाडांवरून नियम सांगणार नाही. पण मेमध्ये मी ठिबकची वेळ या फरकावरून ठरवली, आणि झाडांभोवतीच्या आळ्यांत सोयाबीनच्या कुटाराचं आच्छादन घातलं. पुढच्या वर्षीही हेच करणार.

घरात उपयोग झाला तो किमानचा. एप्रिलमध्ये एका रात्री आभाळ भरून आलं आणि किमान २४ वरून एकदम २८.५ झालं. दुसऱ्या दिवशीचं कमाल फक्त ३७, पण आई रात्रभर पदराने वारा घेत बसली होती. तेव्हापासून ती संध्याकाळी विचारते, "काय म्हनते रे तुयं मशीन, बाज आंगनात टाकू का?" तिचं वय अठ्ठ्याहत्तर. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले मानतात ते नऊ दिवस, २५ मेच्या आसपास लागतो. त्यातल्या चार रात्री आमच्या पेटीत किमान ३१ च्या खाली आलं नाही. त्या चार रात्री मी कुलरची टाकी दोनदा भरली आणि तिच्या उशाशी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी ठेवलं. बातम्यांत त्या दिवसांत फक्त दुपारचा आकडा सांगत होते.

त्रास म्हणाल तर वातीचा. आमच्या विहिरीचं पाणी जड आहे. दोन आठवड्यांत वात कडक पांढरी झाली, पाणी वर चढेना, आणि ओला फुगा तीन-चार अंश जास्त दाखवू लागला. मला वाटलं हवाच दमट झाली. आता इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी वापरतो आणि वात दर रविवारी बदलतो. ऐन मेमध्ये पाण्याची डबी दिवसात निम्मी होते, एक दिवस विसरलात तर नोंद वाया.

पाऊस लागल्यावर पेटीच्या झडपांवर बुरशी धरली, ती पुसून पुन्हा रंग देणार आहे. कालची नोंद अशी: कोरडा २६, ओला २५, आणि कुलर गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवला.