३ किलोवॅटच्या पिंपासाठी उद्यमनगरातून बांधून घेतलेली एक्स्टेन्शन

कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं आहे. १६ अँपिअरचा पॉइंट एकच, मागच्या खोलीत, वॉशिंग मशीनसाठी काढलेला. माझं हीटरचं पिंप मात्र परड्यात पत्र्याखाली असतं, कारण वाफ स्वयंपाकघरात मावत नाही. मधलं अंतर दहा-अकरा मीटर. तेवढ्या अंतरासाठी करून घेतलेली ही वायर. सात महिने वापरून झाली, म्हणून आता लिहिते.

पिंप कोंबुचासाठी, म्हणजे आंबवलेल्या चहासाठी आहे. दर पंधरा दिवसांनी २० लिटर पाणी उकळायचं, लिटरला ८ ग्रॅमच्या हिशेबानं चहा, वर साखर आणि थोडा मार्केट यार्डातला गूळ. पूर्ण गार झालं की मागच्या खेपेचं आंबट पाणी आणि ती जाड जेलीसारखी साय त्यात सोडायची. पिंप २५ लिटरचं, खाली तोटी, आत ३ किलोवॅटची कॉइल. गॅसवरही होतं, पण २० लिटर उकळतं पातेलं उतरवायला दोन माणसं लागतात आणि दुपारी घरात मी आणि सासूबाईच असतो.

आधी तयार एक्स्टेन्शन बोर्ड आणला होता. खोक्यावर ‘हेवी ड्यूटी’ छापलेलं. पहिल्या दोन खेपा निभावल्या. तिसऱ्या वेळी सासूबाई तुळशीला पाणी घालायला परड्यात आल्या आणि म्हणाल्या, “अगं, काहीतरी करपतंय.” मी चहा बघायला धावले, तर वास बोर्डाचा होता. मेन बंद करून पिन ओढली, तर सॉकेटचं प्लास्टिक पिनेला चिकटून बाहेर आलं. वायर हाताला इतकी गरम लागत होती की धरवेना. आणि ओल्या फरशीवर सासूबाई अनवाणी उभ्या. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मग भाच्यानं घरी पेयं बनवणाऱ्या अमेरिकन लोकांचे व्हिडिओ दाखवले. ते २४० व्होल्टची जाड वायर स्वतः बनवतात. त्यांच्या घरातले साधे सॉकेट १२० व्होल्टचे असतात, म्हणून ५.५ किलोवॅटची कॉइल चालवायची तर कपडे वाळवायच्या मशीनच्या २४० व्होल्टच्या पॉइंटवरून ३० अँपिअरची, १० गेजची (गेज हे तिकडचं जाडीचं माप) वायर ओढावी लागते. मी सगळं कागदावर उतरवून घेतलं आणि उद्यमनगरात गेले. फाउंड्री आणि मशीनशॉपवाल्यांना केबल, स्विचगिअर विकणारी दुकानं तिथं ओळीनं आहेत. एका छोट्या दुकानात काउंटरवर साठीचे काका होते, मागं बाकावर एक पोरगा केबल सोलत बसला होता.

काकांनी माझा कागद वाचला आणि बाजूला ठेवला. “ताई, हे तिकडचं झालं. आपल्याकडं घरातच २३० व्होल्ट हाय. तुमची कॉइल किती वॅटची, ते सांगा.” ३,००० म्हटल्यावर त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडं वळवला. ३,००० भागिले २३०, म्हणजे १३ अँपिअर. “१६चा पॉइंट पुरतोय. आता वायर बघू.” त्यांनी दोन तुकडे हातात दिले, एक ०.७५ स्क्वेअर एमएमचा, एक २.५चा. बारीक तुकडा माझ्या जळक्या बोर्डाच्या वायरीसारखाच होता. तो दाखवून म्हणाले, “ही १२ मीटर वापरली, तर १०० वॅटचा बल्ब वायरीच्या आत पेटवून ठेवल्यागत हाय. २.५मध्ये तेच तीसेक वॅटवर येतंय.” घरी येऊन भाच्याकडून हिशेब करून घेतला. अगदी बरोबर निघाला.

१.५ची वायर चालेल का, असं मी विचारलं, कारण मीटरमागं बराच फरक पडत होता. ते म्हणाले, “चालेल. पर तुमचं पिंप सलग ४० मिनिटं चालतंय, लांबी १२ मीटर हाय आणि जागा ओली हाय. मी माझ्या घरात २.५च घातली असती.” जास्त पैशांचा माल खपवायला माणूस बोलतो तेव्हा कळतं. हे तसं नव्हतं. मघाशी माझ्या कागदावरच्या १० गेजला त्यांनीच नको म्हटलं होतं, आणि ती तर याच्या दुप्पट जाड.

पिंपाकडच्या टोकाला त्यांनी निळा इंडस्ट्रियल सॉकेट सुचवला आणि पिंपाच्या वायरीचा साधा प्लग काढून त्याच्या जोडीचा निळा प्लग लावायला सांगितलं. निळा म्हणजे २३० व्होल्ट, लाल असतो तो ४१५चा. झाकणाला स्प्रिंग आहे, ते प्लगच्या खाचेत अडकतं, त्यामुळं वायर पायात आली तरी निसटत नाही. सगळ्यात मोलाचं म्हणजे त्यात घरातला दुसरा कुठलाच प्लग बसत नाही. ही वायर पिंपाची, पिंपाचीच राहते. शिंतोडे सोसतो, पण पाण्यात पडलेला चालत नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

वायर बांधताना मी बाकाशेजारी उभी राहिले. पोरानं बाहेरचं आवरण सोललं आणि तिन्ही तारांमधली हिरवी बोटाच्या पेराएवढी लांब ठेवली. का, विचारलं, तर म्हणाला, “वायरला हिसका बसून तारा सुटल्याच, तर अर्थ सगळ्यात शेवटी सुटावी.” तारांच्या टोकांना डाग (सोल्डर) न देता धातूच्या पिना चढवून पक्कडीनं दाबल्या. डाग दिला तर स्क्रूखाली शिसं-कथील हळूहळू दबतं, स्क्रू ढिला पडतो आणि ढिल्या जागी गरम होतं. माझ्या जुन्या बोर्डाचा सॉकेट कशानं वितळला असेल, ते तेव्हा समजलं. वायरची पकड बाहेरच्या आवरणावर कसली, नंतर दोन्ही हातांनी जोर लावून ओढून दाखवलं. मल्टिमीटरचा बीप एका टोकाच्या अर्थपासून दुसऱ्या टोकाच्या अर्थपर्यंत ऐकवला. शेवटी दुकानातला ३ किलोवॅटचा हीटर लावून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर धरला, १२.८ अँपिअर. वीस मिनिटांनी काका म्हणाले, “हात लावून बघा.” वायर जेमतेम कोमट होती.

पैसे देताना त्यांनी विचारलं, “घरात आरसीसीबी हाय का?” मला एमसीबी तेवढा माहीत होता. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाला शॉक बसला तर एवढ्याशा करंटनं तो पडत नाही. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट मोजतो, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या अंशात तोडतो. आमच्या डीबीत (एमसीबीच्या पेटीत) तो नव्हता. “वायर न्या, पर तो बसवल्याबिगर परड्यात लावू नका,” असं त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडं विकायला होता, तरी आधी वायरमनला घरचं अर्थिंग तपासायला लावा म्हणाले. चार दिवसांनी बसला. आता दर महिन्याला त्याचं टेस्ट बटण दाबते.

हिशेब असा: १२ मीटर वायर १५०नं १,८००, निळी जोडी ५२०, १६ अँपिअरचा प्लग १४०, मजुरी १५०. एकूण २,६१०. तयार बोर्डाच्या मानानं महाग आहे, आणि एकही रुपया वाया गेलाय असं मला वाटत नाही.

तक्रारी आहेत. संध्याकाळी देतो म्हणून दोन दिवस लावले आणि फोन केला नाही, मला दोन फेऱ्या पडल्या. वायर अडीच किलोच्या आसपास भरते, सासूबाईंना उचलवत नाही. थंडीत पीव्हीसी इतकं ताठ होतं की सरळ पसरायला झटावं लागतं, आणि पसरल्याशिवाय तर वापरायची नाही. गुंडाळी तशीच ठेवली तर आतली उष्णता बाहेर पडत नाही. गरम पिंपाला टेकली तर आवरण मऊ पडेल, म्हणून मी ती खिळ्यावरून फिरवून आणते. किती लोड चालतो हे वायरवर कुठंच लिहिलेलं नव्हतं, ते मी मार्करनं लिहिलं.

आठवड्यानं स्क्रू पुन्हा कसायला आणा असं सांगितलं होतं, तेव्हा नेली. एक स्क्रू पाव फेरा फिरला. पैसे घेतले नाहीत. नळाचं २० लिटर पाणी आता साधारण ४० मिनिटांत उकळतं आणि प्लग बोटांना गार लागतो. पावसाळ्याआधी पुन्हा एकदा नेणार आहे. पिंपाकडचे शेवटचे दोन मीटर रबरी केबलचे करून मिळतात का, असंही विचारून झालं, तर काकांनी साफ नकार दिला. मधे जोड नको. पाहिजे तर १२ मीटर अखंड रबरी घ्या, थंडीत मऊ राहते, पर महाग पडंल. त्याचा भाव मी लिहून आणलाय.