आराखड्यासाठी एकच ग्रामसभा की वाडीवार बैठका?

भातकापणीच्या तोंडावर कोकणातल्या ग्रामपंचायतींत एक प्रश्न दरवर्षी येतो, आणि सरपंच नवे असले की जरा जास्तच येतो. पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्यासाठी लोकांच्या मागण्या घ्यायच्या कशा? २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सगळं उरकायचं, की आधी वाडीवाडीत बसून मग ग्रामसभेत जायचं? दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या आमच्या गावात आराखड्याच्या कामात मी काही वर्षं होतो आणि दोन्ही प्रकार आमच्याकडे करून झाले आहेत. यंदा ज्यांना ठरवायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. वित्त आयोगाचा निधी, आराखडा जिथे चढवतात ते ई-ग्रामस्वराज पोर्टल, ठरलेल्या कामालाच वापरायचा बंधित आणि मोकळा अबंधित पैसा, हे शब्द वाचणाऱ्याच्या कानावरून गेलेले आहेत असं धरतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको. वाडीत बसून काहीही ठरवलं तरी आराखड्याला मान्यता ग्रामसभेचीच लागते. त्यामुळे ग्रामसभा घ्यायची की नाही, हा प्रश्नच नाही. खरी चर्चा कुठे व्हावी आणि ग्रामसभेत काय घेऊन जावं, एवढंच आपल्या हातात आहे.

ग्रामसभेच्या बाजूने बोलायला बरंच आहे. दप्तर तिथेच असतं, ग्रामपंचायत अधिकारी समोर असतात, मागच्या वर्षीच्या कामाचं काय झालं हे सगळ्यांदेखत विचारता येतं. शिवाय काही विषय कुठल्याच वाडीचे नसतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आमच्याकडे वीज कित्येक दिवस नव्हती, आणि वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे नळ कोरडे. पाणीयोजनेला जनरेटर हवा ही मागणी पुढे ग्रामसभेतच उठली. वाडीच्या बैठकीत ती उठली असती असं मला वाटत नाही, कारण तिथे माणूस आपल्या दारासमोरचं आधी बघतो. स्मशानशेड, किनाऱ्यावरचा धूपप्रतिबंधक बंधारा, कचरा टाकायची जागा, हे सगळं त्याच जातीचं. वाडीच्या यादीत यातलं काही येत नाही.

अडचण तारखांची आहे. २ ऑक्टोबरला हळवं भात कापायला आलेलं असतं, आणि पाऊस उघडला असेल तर कोणीही शहाणा माणूस कोयता सोडून सभेला येत नाही. १५ ऑगस्टची तारीख अवघड जाते ती खारवीवाडीला, म्हणजे मच्छीमारांच्या वस्तीला. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे १५ ऑगस्टला होड्या पाण्यात गेलेल्या असतात. त्यांना निवांत वेळ असतो तो जून-जुलैत, आणि तेव्हा ग्रामसभा नसते. गणपतीत गाव भरलेलं असतं, तर तेव्हा कोणाला सभा नको असते. राहिली २६ जानेवारी. त्या तारखेला माणसं येतात, पण तोपर्यंत आराखडा बहुतेक कागदावर बसलेला असतो.

मग गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. आमच्यासारख्या गावात तेवढीही जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. ती पुढे ढकललेली सभा कशी असते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको: मोजकी माणसं, भिंतीवरचं घड्याळ आणि घरोघर फिरून सह्या गोळा करणारा शिपाई. महिला सभेचंही बऱ्याचदा असंच होतं. ती ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते, ती घेतलीही जाते, पण कधीकधी सह्या करून बायका परत जातात आणि ठराव नंतर लिहिला जातो. सगळीकडे असंच असेल असं नाही. काही गावांत मुख्य सभेपेक्षा महिला सभाच जास्त धारदार असते असं ऐकून आहे.

एवढ्यावर मी ग्रामसभेला नापास केलं नसतं. माणसं कमी येतात ही तक्रार जुनी आहे, तिच्यासोबत जगता येतं. मला जे जगू देईना ते वेगळंच होतं, आणि ते म्हणजे जागा.

कोकणात कुठलंही छोटं काम काढा, पाखाडी (पायऱ्यांची पायवाट), साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), गटार, टाकीपर्यंतची वाट, ते कोणाच्या तरी सातबाऱ्यावरून जातं. सातबारा म्हटला की त्यावर आजोबांच्या काळापासूनची नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही देवाघरी आणि वारसनोंद झालेली नाही. ग्रामसभेत कोणीतरी उभा राहतो, ‘आमच्या वाडीत पाखाडी पाहिजे’ म्हणतो, माना हलतात, नोंद होते, पुढचा विषय. कोणाच्या जागेतून, हे तिथे कोणी विचारत नाही. आणि विचारलं तरी ज्याची जागा आहे तो सभेत नसतो. काम आराखड्यात बसतं, पोर्टलवर चढतं, अंदाजपत्रक होतं, मग अभियंता येऊन विचारतो की रस्ता २३ नंबरला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, आहे का. नाही. मग संमतीपत्र आणा. संमतीपत्रासाठी सरपंच एका हिस्सेदाराला फोन करतात, तो दुसऱ्याचं नाव सांगतो, दुसरा म्हणतो आधी आमचा गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, वाद मिटवा. मार्च उजाडतो. काम जागेअभावी रद्द, पैसे पडून, आणि दुसऱ्या कामाकडे वळवायचे तर आराखड्यात बदल करायला परत ग्रामसभा. आमच्याकडे एक पाखाडी अशी वर्षानुवर्षं आराखड्यात येत होती आणि जात होती. ग्रामसभेत दर वेळी एकमताने मंजूर व्हायची. त्या एकमताचा मला पुढे पुढे रागच यायला लागला.

तीच पाखाडी वाडीच्या बैठकीत निघाली तेव्हा काय झालं ते सांगतो. सहाणेवर बसलो होतो, पालखी जिथे टेकते त्या चौथऱ्यापाशी. विषय निघाल्याबरोबर एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, वाट ज्याच्या परड्यातून (घरामागच्या जागेतून) जाते त्याचा चुलतभाऊ इथेच बसलाय, त्याला विचारा. चुलतभावाने तिथेच नालासोपाऱ्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून आधी जुनी तक्रार आली, मागच्या वेळी न विचारता चिरे उचलले वगैरे. ती ऐकून घेतली. मग आवाज जरा उतरला: ‘गडग्यापासून हातभर आत घ्या, माझी हरकत नाही. पण माडाला हात लावायचा नाय.’ माड वाचवायचा तर पाखाडीला वळण द्यावं लागणार होतं. तिथल्याच एका गवंड्याने काठीने जमिनीवर रेघ ओढून दाखवली. फोनवरच्या शब्दाने कागद होत नाही हे खरं, संमतीपत्रावर बाकीच्या हिस्सेदारांच्या सह्या व्हायला पुढचा मे महिना लागला. पण काम आराखड्यात गेलं ते सह्या हातात आल्यावर, आणि म्हणूनच झालं.

वाडीत दुसरा फायदा पैशाच्या बाबतीत दिसला. ग्रामसभेतली मागण्यांची यादी म्हणजे गणपतीच्या बाजाराची यादी, पाकीट न उघडता लिहिलेली. वाडीत आम्ही अर्धा कागद घेऊन जायचो. त्यावर वर्षाला अंदाजे किती येणार, त्यातलं किती बांधलेलं आणि किती मोकळं, एवढंच. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या हिशेबात ६० टक्के बंधित होते, निम्मे पाण्यासाठी आणि निम्मे स्वच्छतेसाठी, आणि मोकळे ४० टक्के. वाटप मुख्यतः लोकसंख्येवर. आपल्याकडे तीच तर आटतेय. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात १६ लाख ९७ हजार माणसं होती, २०११ च्या जनगणनेत ती १६ लाख १५ हजारांवर आली. घरं तेवढीच, साकव तेवढेच, पऱ्ये (ओढे) तेवढेच, माणसं मात्र विरार-डोंबिवलीला. हे आकडे समोर ठेवले की लोक भांडत नाहीत असं नाही, पण भांडण बदलतं. ‘आमच्या वाडीला काहीच देत नाही’च्या जागी ‘पाखाडीला पैसे पुरत नसतील तर पाण्याच्या पैशातून विहिरीचा गाळ तरी काढा’ असं ऐकू यायला लागलं. ही मागणी आधीच्या ग्रामसभांत कधी आली नव्हती, कारण पाण्याचे पैसे वेगळे असतात हे मंचापलीकडे कोणाला ठाऊकच नव्हतं.

आता वाडीची काळी बाजू. वाडी म्हणजे बहुतेक ठिकाणी भावकी, आणि भावकी म्हणजे बऱ्याचदा जात. जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने २०२० मध्ये घेतला, पाट्या बदलल्याही, वस्त्या आहेत तिथेच आहेत. वाडीवार आराखडा केला की गावाचा निधी वाडीवार वाटून घ्यायची सवय लागू शकते, आणि मग ज्या वाडीची मतं जास्त तिचा वाटा मोठा. दुसऱ्या बाजूने, बौद्धवाडीतल्या बैठकीत तिथल्या लोकांनी स्वतःच्या अंगणात ज्या मोकळेपणाने मागासवर्गीयांसाठी राखीव १५ टक्के निधीचा हिशेब विचारला, तो प्रश्न ग्रामसभेत शेवटच्या रांगेतून कधी आला नव्हता. दोन्ही खरं आहे. तोल राखायचा तर वाड्यांच्या याद्या एकत्र करताना प्राधान्य कसं लावणार ते आधीच ठरवून सगळ्यांना सांगावं लागतं.

बायकांच्या बाबतीत मला वाटलं होतं की घराजवळची बैठक म्हणजे त्या जास्त बोलतील. तसं सरसकट झालं नाही. सासरे, दीर समोर बसलेले असताना सून पाण्याबद्दल काय बोलणार? बचत गटाच्या बैठकीला जोडून वेगळा अर्धा तास घेतला तेव्हा मात्र साकवाचा तुटलेला कठडा, शाळेच्या वाटेवरचा अंधार, सगळं आलं. म्हणजे वाडी बैठक करणार असाल तर त्यात ही एक छोटी बैठक धराच.

वेळ आणि माणूसबळ हीही अडचण आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे कधी दोन-दोन ग्रामपंचायतींचा कार्यभार असतो, ते रात्री आठला वरच्या वाडीत चढून येतील अशी अपेक्षा ठेवू नये. सदस्य आणि दोन-तीन उत्साही माणसं नसतील तर वाडीवार बैठकांचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. लहान गाव, दोनच वाड्या आणि त्याही हाकेच्या अंतरावर, असं असेल तर नीट दवंडी देऊन घेतलेली एक ग्रामसभा पुरते.

वॉर्डसभा, म्हणजे एका प्रभागापुरती सभा, हा मधला मार्ग कागदावर छान दिसतो. आमच्याकडे एका प्रभागात तीन वाड्या आहेत आणि त्यातल्या दोघींच्या मध्ये सडा, म्हणजे उघडा कातळमाळ. प्रभाग निवडणुकीसाठी आखलेला असतो, चालण्यासाठी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मागण्या मागवून पाहिल्या, तर निम्म्या सूचना मुंबईहून आल्या. घरपट्टी ते भरतात, हक्कही वाटतो, चूक नाही. पण त्यांना मे महिन्यात लागणारी गाडीवाट हवी असते आणि गावात राहणाऱ्याला पावसाळ्यात लागणारा साकव. व्हॉट्सअ‍ॅप माहिती पोचवायला ठेवावं.

बाहेरचं उदाहरण हवं असेल तर केरळ. तिथे १९९६ ला लोकयोजना सुरू झाली, राज्याच्या योजना खर्चातला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे द्यायचं ठरलं. पण मला त्यातली लक्षात राहिलेली गोष्ट वेगळी: तिथे ग्रामसभाच मुळी वॉर्डाची असते. घरं पांगलेली, पंचायती मोठ्या, म्हणून सभा माणसाजवळ नेली. आपलीही घरं पांगलेलीच आहेत. पंचायती त्या मानाने छोट्या, म्हणून ती तुलना पुरती लागू होत नाही, हेही कबूल.

तेव्हा तुमच्याकडे वाड्या लांब असतील, कामं खाजगी जागेतून जाणारी असतील आणि मागच्या आराखड्यातली दोन-चार कामं जागेपायी अडकलेली असतील, तर मी वाडीवार बैठकांकडे झुकेन. सामाईक विषयांसाठी ग्रामसभेत वेगळा वेळ राखून ठेवावा, नाहीतर जनरेटर परत विसरला जाईल. खारवीवाडीची बैठक जुलैत उरकावी, शेतकरी वाड्यांची गणपतीच्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी, आरतीनंतर. मुंबईकर हिस्सेदार तेव्हाच गावात सापडतात. सुरुवात सगळ्यात लांबच्या वाडीपासून करा आणि जाताना त्या वाडीतल्या वादातल्या गट नंबरांचे सातबारे काढून सोबत न्या. संमतीपत्राचे कोरे नमुनेही पिशवीत असू द्या.